कोहळ्याच्या बिया आणि आमची लाज

पुतणी बाळंतपणासाठी बाळापूरला माहेरी आली तेव्हा तिच्या पिशवीत एक चकचकीत पाकीट होतं. वर हिरव्या बियांचं चित्र आणि ‘रोस्टेड पम्पकिन सीड्स’ असं नाव. पाव किलोला दोनशे साठ रुपये. तिला सातवा महिना होता आणि हिमोग्लोबिन ८.६. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात तिला आहाराचा छापील कागद मिळाला होता, त्यात या बिया रोज मूठभर खायला सांगितल्या होत्या. माझी माय ऐंशी पार केलेली. तिनं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, एक बी दाताखाली धरली आणि विचारलं,

“हे तं कोहयाच्या बिया हायेत ना व?”

“हो आजी.”

“आन् ह्याचे पैसे दिले तू?”

घरात हसू फुटलं. मीही हसलो. निंदणाला जाणाऱ्या बाईला दिवसभर वाकून जी मजुरी मिळते, जवळपास तेवढ्याचं ते पाकीट. हसणं थांबल्यावर माय शांतपणे म्हणाली, “ह्या बियांपायी आपल्या घरात दोन दिवस चूल पेटली नोती.” पुतणीला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चळवळीत चाळीस वर्षं भाषणं केली, त्यात पाणी आलं, जमीन आली, आरक्षण आलं. कोहळ्याच्या बिया कधी आल्या नाहीत. का आल्या नाहीत, याचा विचार करत हा लेख लिहितो आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो, नाहीतर पुण्या-मुंबईचे वाचक भलतंच फळ डोळ्यांपुढं आणतील. तिकडं कोहळा म्हणजे तो पांढरा, राखाडी भुकटी असलेला, ज्याचा पेठा करतात आणि जो दुकानाच्या दारात नजर लागू नये म्हणून टांगतात. वऱ्हाडात कोहळं म्हणजे लाल भोपळा, कुठं त्याला गंगाफळही म्हणतात. तिकडं डांगर म्हणजे हाच लाल भोपळा, आमच्याकडं डांगर म्हणजे खरबूज. आणि वऱ्हाडी जिभेला ‘ळ’ नाही, म्हणून कोहळ्याचं कोहयं होतं, केळ्याचं केयं होतं आणि बाळापूरचं बायापूर होतं. या ‘य’पायी आम्ही शाळेत किती बोलणी खाल्ली, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आमची वस्ती नदीच्या अंगाला. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर उभा आहे, पर्यटनाच्या पुस्तकात त्याचा आणि मिर्झाराजे जयसिंगाच्या छत्रीचा फोटो असतो. आमच्या वस्तीचा फोटो नसतो, आणि त्याची मला खंतही नाही. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आणि पावसाळ्यात त्या छपरावर कोहळ्याचा वेल. या पिकाला जमीन लागत नाही, हे महत्त्वाचं. सातबारा ज्याच्या नावावर नाही, त्याचं हे पीक. बी दाराशी टोचायची, भांडी घासलेलं पाणी तिथं ओतायचं, वेल छपरावर चढवून द्यायचा. फुलांची भाजी व्हायची, कोवळ्या शेंड्यांची व्हायची, फळ पिकलं की चार-सहा महिने घरात टिकायचं. आणि शेवटी बिया.

बिया भाजणं हे मायचं काम होतं. कोहळं कापलं की आतला दोऱ्यादोऱ्यांचा गर बियांसकट हातानं ओढून टोपल्यात काढायचा. त्यावर पाणी ओतून दोन्ही तळव्यांत चोळायचं. बी बुळबुळीत असते, हातातून मासोळीसारखी निसटते, म्हणून मूठभर राख लावून चोळायची. स्वच्छ झाली की पोत्यावर दोन दिवस उन्हात. ओली बी तव्यावर टाकली तर वरून करपते आणि आत कच्ची, चामट राहते. वाळली की लोखंडी तवा, मंद जाळ, तेल नाही. आधी नुसतं हलवत राहायचं. बी फुगून तडतडायला लागली, एखाददुसरी उडून चुलीत पडली, की मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा. ‘चर्र’ आवाज येतो, पाणी उडून जातं आणि मीठ टरफलाला पांढरं धरून राहतं. अजून थोडी कोरडी झाली की सोनेरी व्हायच्या आधीच तवा खाली, कारण तापलेला तवा जाळ काढल्यावरही भाजतच राहतो. हे शेवटचं ज्याला कळलं नाही त्याच्या बिया कडू होतात. मी आजही गॅसवर भाजतो आणि आजही चुकतो.

खायची पद्धत दोन पुढच्या दातांची. कडेवर हलकं दाबलं की टरफल उघडतं आणि आत पातळ हिरव्या सालीतला दाणा मिळतो. पाकिटातल्या बिया हिरव्या का, हे मायला कळत नव्हतं, त्याचं उत्तर एवढंच. एकतर त्या यंत्रानं सोललेल्या असतात किंवा मुळात टरफल नसलेल्या जातीच्या. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया भागात एकोणिसाव्या शतकात अशी बिनटरफलाची जात निपजली आणि तिच्या बियांचं गडद हिरवं तेल तिथं आजही काढतात. आमच्या जातीला टरफल होतं. (‘जातीला’ हा शब्द इथं आपोआप आला, तसाच राहू देतो.)

मी चौथीत असताना अशाच बिया चड्डीच्या खिशात घालून शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत बाकीचे शेंगदाणे-गूळ खात होते. मी एक बी फोडली. शेजारच्या मुलानं विचारलं काय खातोस, मी सांगितलं, कोहयाच्या बिया. तो मोठ्यानं ओरडला, “ह्यो कचरा खाते!” मास्तर हसले. वाईट माणूस नव्हता तो, पण हसला. मी उरलेल्या बिया नालीत टाकल्या आणि त्या दिवसापासून घराबाहेर ही वस्तू खाल्ली नाही. नोकरी लागल्यावर तर घरातही नाही. बायकोनं कोहळं कापलं की बिया सरळ कचऱ्याच्या डब्यात. आमच्या पिढीतल्या शिकलेल्या बहुतेक घरांत हेच झालं. जवसाची चटणी गेली, आंबाडीची भाकर गेली, अंबील गेली. प्रगती झाली असं आम्हाला वाटलं.

आता चूल पेटली नाही त्या दोन दिवसांचं सांगतो.

माझी आजी १९५६ साली नागपूरला जाऊन आलेली. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जे लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत उभे होते, त्यांत ती एक. परत आल्यावर तिनं घरातले देव नदीत सोडले आणि दोन गोष्टी कायमच्या बंद केल्या. एक, मेलेल्या ढोराचं मांस. दोन, लग्नाकार्यात मागच्या दारी जाऊन अन्न मागणं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण महाडचं सांगणं तिला पाठ होतं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, उष्टे तुकडे सोडा, हे जे बजावलं, ते तिच्यापर्यंत वस्तीतल्या गाण्यांतून आणि जलशांतून पोचलं होतं. वस्तीत ती त्याची पहारेकरी होती. कुणाच्या घरी गावातलं शिळं आलं की हिचा आवाज चार घरं ऐकायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बाप मजुरीच्या शोधात बाहेर गेलेला. आजी खडी फोडायच्या कामावर. माय तालुक्यातल्या एका गावी मोठ्या वाड्यावर लग्नाच्या कामाला गेली, अंगण सारवायला आणि भांडी घासायला. वऱ्हाडी लग्नात कोहळ्याची भाजी असतेच, त्यामुळं पंगतीसाठी पंचवीस-तीस कोहळी मागच्या आवारात फुटली. बियांचा आणि गराचा ढीग उकिरड्याच्या वाटेवर पडला. मायनं मागितला नाही, असं ती आजही शपथेवर सांगते. मालकीण आपणच म्हणाली, घेऊन जाय, तुह्या पोट्ट्यांले होईन. आणि तो ढीग सुपानं उचलून मायच्या पसरलेल्या पदरात वरून टाकला. वरून, म्हणजे हाताला हात लागू नये इतक्या उंचीवरून.

त्या रात्री आम्ही तिघं भावंडं बिया खाऊन झोपलो. इतक्या बिया आम्ही एका वेळी कधी पाहिल्या नव्हत्या. आजी उशिरा आली. वासावरूनच तिला कळलं. आमच्या छपरावर त्या साली वेल नव्हता, मग बिया आल्या कुठून?

“कोनाच्या हायेत?”

मायनं सांगितलं.

“बाबासायबानं काय सांगतलं होतं?”

माय एरवी सासूपुढं मान वर न करणारी. त्या रात्री बोलली. “बाबासायबानं उष्टं खाऊ नोका म्हनलं. बिया उष्ट्या असतेत काय? कोनाच्या तोंडातल्या हायेत ह्या?”

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तोंडातल्या नसतीन. पन तुह्या पदरात कशा आल्या? वरून टाकल्या ना?”

यावर माय काही बोलली नाही. तवा पालथा पडला. दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, चूल पेटली नाही, आम्ही पोरं शेजारी जेवलो. तिसऱ्या दिवशी आजीनं न भाजलेल्या उरलेल्या बिया एका फडक्यात बांधल्या आणि आढ्याला टांगल्या. पुढच्या मृगात, पाऊस आल्यावर, तिनं त्या दाराच्या दोन्ही बाजूंनी टोचल्या. वेल चढला. कोहळी तीनच लागली, त्यातलं एक वानरांनी नेलं. पहिलं पिकलेलं कोहळं आजीनं स्वतः पावशीवर कापलं, बिया मायच्या हातात दिल्या आणि म्हणाली, “भाज आता.”

मी या भांडणात कुणाच्या बाजूचा आहे, हे मला पन्नास वर्षांत ठरवता आलं नाही. माय भुकेच्या बाजूनं बोलत होती आणि वस्तूच्या बाबतीत ती बरोबर होती. बी उष्टी नसते. ती कुणी चावलेली नाही, सडलेली नाही, अशुद्ध तर नाहीच, कारण शुद्ध-अशुद्ध ही भाषाच आपली नाही. पण आजीचा प्रश्न वस्तूचा नव्हताच. तो देणाऱ्या हाताच्या उंचीचा होता. बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितलं ते ब्राह्मणांच्या नजरेत पवित्र होण्यासाठी नव्हे. ज्या अन्नाच्या बदल्यात माणूस आपली खालची जागा कबूल करतो, ते अन्न सोडा, असा त्याचा अर्थ आहे. आजीला हे कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं होतं, आणि तीच बी आपल्या दारात लावली की तिचा अर्थ बदलतो, हेही कळलं होतं.

मग आम्ही शिकलेल्यांनी काय केलं? आजीचं अर्धंच ऐकलं. वरून टाकलेलं सोडायचं होतं, आम्ही आपल्या वेलावरचंही सोडलं. लाचारीचं अन्न आणि कष्टाचं, अकलेचं अन्न यांतला फरक आम्ही केलाच नाही, दोन्हीची सारखी लाज धरली. खरं तर छपरावरचा वेल हे आमच्या बायांचं ज्ञान होतं. बी कधी टोचायची, किती दिवस वाळवायची, मीठ कधी मारायचं, हे कुणी दान दिलेलं नव्हतं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं ताट जसं होतं तसं मांडलं, ते २०१५ साली आलं. वाचताना मी पानोपानी थांबत होतो. आपण जे लपवलं ते हा माणूस सरळ लिहितो आहे, हे पचवायलाच मला दिवस लागले. वऱ्हाडातल्या वस्त्यांचं असं ताट अजून कुणीतरी लिहायचं बाकी आहे.

पण लाजेचं दुसरं टोकही मला मान्य नाही. पाकिटाचा किस्सा मी आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तर तासाभरात एका तरुण मित्राचं उत्तर आलं: ‘आमचे पूर्वज आधीपासूनच सुपरफूड खात होते, जय भीम!’ खाली पंचवीस अंगठे. भाऊ, तुझा उत्साह कळतो, पण जरा थांब. आपले पूर्वज सुपरफूड खात नव्हते, ते जे मिळेल ते खात होते, आणि पुष्कळदा ते पुरत नव्हतं. मायनं त्या रात्री बिया भाजल्या त्या जस्त आणि मॅग्नेशियमसाठी नाही, घरात ज्वारी नव्हती म्हणून. गरिबीला अशी झालर लावली की तिचा गुन्हेगार मोकळा सुटतो. आणि आवळा देऊन कोहळा काढणारे तर टपूनच बसलेले असतात. काल ज्या बीला कचरा म्हटलं, तीच आज पाकिटात घालून आपल्याच पोरीला विकली, वर ‘प्राचीन भारतीय आहारज्ञान’ असं लेबलही लावतील.

त्या ‘प्राचीन भारतीय’चंही एकदा पाहून घेऊ. लाल भोपळा मुळात इथला नाहीच. तो अमेरिका खंडातला. मेक्सिकोत ओआहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे, तिथं सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या, माणसानं लावलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या. तिथले मूळ रहिवासी आजही बिया भाजून खातात, त्यांना पेपिता म्हणतात. आपल्याकडं हे फळ युरोपी गलबतांतून आलं, म्हणजे कोलंबसाच्या नंतरच. आता उपवासाचं ताट आठवा. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, लाल भोपळ्याचं भरीत. साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेचा, बाकीचंही तिकडचंच. ज्या पदार्थांचं नाव कुठल्याही स्मृतीत असणं शक्य नाही ते सगळे पवित्र, आणि इथं हजारो वर्षं पिकणारी ज्वारी उपवासाला चालत नाही! पवित्र-अपवित्र ठरवणाऱ्यांचा भूगोल आणि इतिहास दोन्ही असे आहेत.

बाईनं अख्खं कोहळं कापू नये, पहिला घाव पुरुषानं घालावा, अशी चाल अनेक हिंदू घरांत अजून आहे. कारण कोहळा हा बळीच्या जनावराच्या जागी वापरायचा. मूळ विधी पांढऱ्या कोहळ्याचा, पण भीती लाल कोहळ्यालाही चिकटली. वाड्यावरच्या त्या लग्नात तीस कोहळी भाजीला लागणार होती आणि बाया हात बांधून उभ्या होत्या, पहिला घाव घालायला कुणी पुरुष येईपर्यंत, असं माय हसत सांगते. आजीनं दारातलं पहिलं कोहळं स्वतः कापलं, त्याचं मोल म्हणूनच मला मोठं वाटतं. बावीस प्रतिज्ञांत कोहळ्याचा उल्लेख नाही. तिनं तो आपला आपण जोडून घेतला.

पुन्हा पुतणीकडं येतो, कारण तिच्या रक्ताचा प्रश्न गमतीचा नव्हता. दोन दिवसांनी कळलं की सरकारी आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या तिनं महिनाभर घेतल्याच नव्हत्या. शौचाला काळं होतं, पोट धरतं, मळमळतं. आणि मोबाइलवर कुणीतरी सांगितलं होतं की भोपळ्याच्या बियांनी ‘नैसर्गिकरीत्या’ रक्त वाढतं, तर गोळ्या कशाला?

मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्यापुढं बसलो. सोललेल्या शंभर ग्रॅम बियांत प्रथिनं सुमारे ३० ग्रॅम, लोह ९ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे वस्तू खरंच चांगली आहे, मास्तर हसला तेव्हा तो चुकलाच होता. पण मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम बियांत लोह साधारण अडीच मिलिग्रॅम. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम. शिवाय बियांतलं लोह अंगी लागायला अवघड, कारण बीमध्येच त्याला बांधून ठेवणारे घटक असतात. लिंबू पिळलं तर थोडं जास्त लागतं, वर चहा प्यायलं तर कमी. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तिला रक्तक्षय म्हणतात, हिचं ८.६. ही दरी बियांनी भरत नाही. १८० दिवस रोज एक गोळी हा सरकारी कार्यक्रम आहे, रक्त कमी असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. तो तिचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. गोळी जेवणानंतर घे, पोट धरलं तर डॉक्टरला सांग, पण सोडू नको. बिया खा, त्या खायलाच पाहिजेत, पण गोळीच्या जागी नाही.

ही एका पोरीची गोष्ट असती तर मी लेखात आणली नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के. दर तीन मुलांत दोन. हे आकडे ज्या राज्याचे, त्या राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. काही धार्मिक मंडळींनी लगेच आरडाओरडा सुरू केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचा वेगळा निधी काढून घेतला, द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. लोकवर्गणी! ज्या गावात पालकच निंदणाला जातात तिथं वर्गणी द्यायची कुणी? की पुन्हा वाड्यावरून यायची, सुपानं, पदरात, वरून?

अंड्याला पर्याय म्हणून आता भरड धान्यं आणि बिया यांची नावं मोठ्या प्रेमानं घेतली जातात, म्हणून मला ही भीती वाटते. चार किलोच्या एका कोहळ्यातून ओंजळभर बिया निघतात, हे ज्यानं कोहळं कधी हातानं रिकामं केलं आहे त्याला ठाऊक असतं. वर्गात पन्नास पोरं असली तर किती कोहळी फोडणार? एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि जे बी-१२ जीवनसत्त्व कुठल्याच बीमध्ये नाही ते असतं. आमचं पारंपरिक खाणं आम्हालाच दाखवून आमच्या पोरांच्या ताटातलं अंडं काढणार असाल, तर त्या परंपरेचे वारसदार म्हणून आमचा त्याला विरोध आहे. बिया आम्ही घरी भाजू. अंडं शाळेत मिळालं पाहिजे.

पुतणीनं गोळ्या सुरू केल्या. पाकीट पंधरा दिवसांत संपलं, नवीन आणलं नाही. मायनं आठवडी बाजारातून पाच किलोचं कोहळं आणायला लावलं, आणि स्वतः भिंतीला टेकून बसून पुतणीकडून बिया धुवून घेतल्या. “चोय अजून, बुयबुयीत लागते ना?” भाजण्याच्या वेळी गॅसची आच कमी करायला तिनं तीनदा सांगितलं. मिठाचा हबका मारला तसा सगळ्या घरात तो वास पसरला आणि मी खोलीतून उठून बाहेर आलो. बियांवर पुतणीनं लिंबू पिळलं. मायला ते पटलं नाही, पण खाल्ल्या.

पाकिटाच्या तळाशी पाच-सात हिरव्या बिया राहिल्या होत्या. त्या हातात घेऊन माय विचारत होती, “ह्या लावल्या तं उगवतीन काय?”

“नाही माय, भाजेल हायेत.”

तिनं त्या तोंडात टाकल्या. बाजारच्या कोहळ्याच्या बियांतली एक मूठ मात्र तिनं भाजायला दिली नव्हती. फडकं शोधत होती. आमच्या घराला आता आढं नाही, सिमेंटचा स्लॅब आहे, म्हणून ती पुरचुंडी खिडकीच्या गजाला बांधली. वेल चढवायला जागा कुठं, असं मी विचारलं तर म्हणाली, गच्चीवर जायले जिना हाये ना.